पूर्वपक्षाचा सांभाळ

‘वाद’ या शब्दाची मराठींत मोठी दुर्दशा झाली आहे. भावाभावांचा बांधावरून वाद होतो, गांवांत पालखीच्या मानावरून वाद होतो, आणि ‘वाद नको’ म्हणजे भांडण नको हें लहान मूलहि समजतें. शास्त्रांत या शब्दाची योग्यता निराळी होती. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे दोन पक्षांमधील संभाषणाचे, तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्व कळावें एवढ्याचसाठीं चालतो तो वाद. जिंकावें यासाठीं छलासह सर्व साधनें घेऊन चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडतां केवळ दुसऱ्याचा पाडावयाचा ती वितंडा. पुढें व्यवहारांत दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराला पहिल्याचें नांव मिळालें, आणि स्वच्छ मतभेदाला भाषेंत वेगळा शब्दच उरला नाहीं.

प्रस्तुत लेखांत या वादशास्त्रांतील एकाच नियमाचा विचार करावयाचा आहे. तो नियम असा कीं, प्रतिपक्षाचें खंडन करण्यापूर्वीं त्याचें म्हणणें त्यालाहि मान्य होईल अशा रीतीनें मांडलें पाहिजे. याला अनुवाद म्हणतात. आणि अशा रीतीनें मांडलेला तो पूर्वपक्ष. हल्लीं हा नियम सभ्यतेचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मतें तो सभ्यतेहून अधिक कांहीं होता. तो कामाचा नियम होता, आणि जुन्या पोथ्या जमविणाऱ्या आपल्यासारख्यांचा त्याच्याशीं फार निकटचा संबंध आहे.

न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांपैकीं वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाति व निग्रहस्थान हे सात पदार्थ, म्हणजे जवळजवळ निम्मे, संभाषणाविषयींचे आहेत. पांच अध्यायांच्या ग्रंथांतील शेवटचा सबंध अध्याय चोवीस जाति आणि बावीस निग्रहस्थानें यांतच खर्ची पडला आहे. निग्रहस्थान म्हणजे जेथें सांपडला असतां वादी हरला असें समजावयाचें तें ठिकाण. त्यांत अननुभाषण नांवाचें एक आहे. प्रतिवाद्यानें आपलें म्हणणें तीन वेळां सांगितलें, सभेला तें कळलें, आणि तरीहि ज्याला तें परत बोलून दाखवितां येत नाहीं, तो तेथेंच हरला. त्याचें उत्तर कितीहि तेजस्वी असो, तें ऐकण्याचें सभेला कारण नाहीं. याचीच दुसरी बाजू म्हणजे अविज्ञातार्थ. तीन वेळां बोलूनहि ज्याचें बोलणें सभेला व प्रतिवाद्याला कळत नाहीं, तो बोलणारा हरला. म्हणजे ऐकणाऱ्यावर जसा समजून घेण्याचा भार, तसा बोलणाऱ्यावर समजावून देण्याचा. तिसरें एक निग्रहस्थान निरनुयोज्यानुयोग. ज्याच्या ठिकाणीं दोष नाहीं त्याच्यावर दोष ठेवणें, हाच ठेवणाऱ्याचा पराभव. याचें काम पुढें पडणार आहे.

छलाचें वात्स्यायनानें दिलेलें उदाहरण मराठी वाचकाला विशेष मौजेचें वाटेल, कारण तें आपल्या भाषेंतहि जसेंच्या तसें चालतें. एकजण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे याचें कांबळें नवें आहे. दुसरा लगेच म्हणतो, खोटें! याच्यापाशीं नऊ कांबळीं कोठें आहेत? शेंकडों वर्षें लोटलीं, हा नऊ कांबळ्यांचा मनुष्य अद्याप प्रत्येक सभेंत पुढच्या रांगेंत बसलेला असतो.

अनुवादाचा हा नियम सर्वांनीं निमूटपणें मान्य केला असेंहि नाहीं. बौद्ध आचार्य धर्मकीर्ति यानें आपल्या वादन्यायांत नैयायिकांच्या निग्रहस्थानांची एकेक करून झडती घेतली, तींत अननुभाषणहि सुटलें नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, प्रतिवाद्याचा सगळा प्रपंच पाठ म्हणून दाखविण्याची गरज नाहीं. ज्या अंशाचें खंडन करावयाचें, तेवढा बरोबर मांडला म्हणजे झालें. आक्षेप वाजवी आहे. परंतु ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हा आक्षेप घेण्यासाठीं धर्मकीर्तीला नैयायिकांची बाविसांची यादी आपल्या ग्रंथांत उतरून घ्यावी लागली. नियमावर टीका करतांना तो नियम पाळावा लागला.

वैद्यांनीं याच विषयाचा विचार अधिक व्यवहारी दृष्टीनें केला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठव्या अध्यायांत संभाषेचे दोन प्रकार आहेत: संधायसंभाषा, म्हणजे सख्यानें केलेली चर्चा, व विगृह्यसंभाषा, म्हणजे झुंजीची. पहिली कोणाशीं करावी? ज्याला विषयाचें ज्ञान आहे, बोलतां येतें, राग लवकर येत नाहीं, ज्याची समजूत घालतां येते आणि ज्याला दुसऱ्याची समजूत घालतां येते, अशाशीं. त्याच्याशीं निःशंकपणें बोलावें, निःशंकपणें विचारावें. हरण्याच्या भयानें कांपूं नये, जिंकल्यावर हर्ष करूं नये, आणि चार लोकांत त्याची फुशारकी मारूं नये. शेवटचें पथ्य किती मर्मावरचें आहे! दोन विद्वानांतील मतभेद सभेंत सहसा नासत नाहीं. तो नासतो तो सभेनंतर, ओट्यावर बसून कोणी त्याचें वर्णन करूं लागला म्हणजे.

याच अध्यायांत झुंजीची संभाषाहि शिकविली आहे, आणि ती वाचून संधायसंभाषेवर मोहित झालेला वाचक जरा दचकतो. प्रतिस्पर्ध्याचें पाठांतर कमी असेल तर लांबलांब सूत्रपाठ म्हणून त्याला दडपावें; अर्थज्ञान कमी असेल तर अवघड शब्दांनीं भरलेलीं वाक्यें त्याच्यावर सोडावीं, असे डावपेच तेथें उघडपणें सांगितले आहेत. न्यायसूत्रांतहि जल्प व वितंडा यांना अगदींच बाहेर घातलेलें नाहीं. कोंवळ्या रोपाभोंवतीं कांटेरी फांद्यांचें कुंपण घालतात, तसें तत्त्वनिश्चयाच्या रक्षणापुरतें त्यांचें प्रयोजन मानलें आहे. आपली परंपरा केवळ शांत व सौम्य होती असें चित्र जे रंगवितात, त्यांनीं हीं पानें उलटलेलीं नसतात. राजसभांत पैजा लागत, प्रतिष्ठा व उदरनिर्वाह दोन्ही पणाला लागत, आणि सभेचें दार सर्वांना उघडें होतें असेंहि नाहीं. मला त्यांतलें मोल वाटतें तें दुसऱ्याच कारणासाठीं. माणसें भांडकुदळ असतात हें पूर्ण ओळखून या लोकांनीं नियम केले.

पाली मिलिंदप्रश्नांत हा भेद एका प्रश्नोत्तरांत आला आहे. यवन राजा मिलिंद नागसेन स्थविराला चर्चेस बोलावतो, तेव्हां नागसेन विचारतो कीं, पंडितांच्या रीतीनें बोलावयाचें कीं राजांच्या? पंडितांच्या बोलण्यांत गुंता होतो आणि सुटतो, चूक दाखविली जाते आणि ती कबूल होते, पण कोणी रागावत नाहीं. राजे एक गोष्ट धरून बसतात, आणि जो तिला विरोध करील त्याला दंड करावयास सांगतात. राजानें पंडितांची रीत पत्करली, म्हणून पुढचा एवढा ग्रंथ झाला.

शाळेंत असतांना वरच्या वर्गांच्या वक्तृत्वसभेंत मीं एक नियम घातला होता. जो खंडनाला उठेल त्यानें आधींच्या वक्त्याचें म्हणणें चार वाक्यांत सांगावें, आणि त्या वक्त्यानें मान डोलावल्यावांचून पुढें बोलूं नये. मुलें कंटाळत, पण निम्म्या वेळां असें होई कीं, चार वाक्यें सांगून झाल्यावर खंडन करण्यासारखें फारसें शिल्लक राहत नसे, आणि उरलेल्या निम्म्या वेळां मात्र चर्चा खरोखरीची होई.

या नियमाची थोरवी पाहावयाची असेल तर वाचस्पतिमिश्राकडे पाहावें. या एकाच पंडितानें न्यायावर तात्पर्यटीका लिहिली, सांख्यावर तत्त्वकौमुदी, योगावर तत्त्ववैशारदी, मीमांसेंत मंडनमिश्राच्या विधिविवेकावर न्यायकणिका, आणि शांकरभाष्यावर भामती. न्यायाच्या टीकेंत तो ईश्वराची सिद्धि करतो. सांख्याच्या टीकेंत ईश्वराला जगत्कर्तृत्व संभवत नाहीं म्हणून सांगतो. कोणी याला ढोंग म्हणेल. परंतु या पांच टीकांपैकीं कोणतीहि एक त्या त्या दर्शनाच्या अभ्यासकाच्या हातीं द्यावी; ती आपल्याच माणसानें लिहिली असें त्याला वाटतें, आणि आजतागायत त्या त्या संप्रदायांत ती प्रमाण मानून शिकविली जाते. परक्याचें म्हणणें इतकें पुरतेपणीं मांडणारा मनुष्य एखाद्या बाजूनें खंडनाला उभा राहिला, तर त्याचें खंडन ऐकण्यास प्रतिपक्षालाहि संकोच वाटणार नाहीं.

दुसरें उदाहरण सोळाव्या शतकांतलें. विजयनगरच्या राजसभेंत मान पावलेले माध्व यति व्यासतीर्थ यांनीं न्यायामृत नांवाचा ग्रंथ लिहून अद्वैतमतावर कठोर हल्ला केला. त्याला उत्तर म्हणून मधुसूदन सरस्वतींनीं अद्वैतसिद्धि लिहिली. उत्तर देतांना मधुसूदनांनीं आपल्या सोयीचे मुद्दे निवडून घेतले नाहींत. न्यायामृताच्या क्रमानें, प्रकरणामागून प्रकरण, आक्षेपामागून आक्षेप घेऊन ते चालले. पुढें माध्वांच्या बाजूनें व्यासरामाचार्यांनीं तरंगिणी लिहिली, आणि तिला अद्वैत्यांच्या बाजूनें ब्रह्मानंदांनीं उत्तर दिलें. परंपरेंत अशी आख्यायिका आहे कीं, व्यासरामाचार्य मधुसूदनांपाशींच अद्वैतसिद्धि शिकले, आणि शिकून झाल्यावर तिचें खंडन लिहिलें. आख्यायिका खरी असो वा नसो, ती ज्या समाजानें जपली त्याला ती शक्य कोटींतली वाटली, हें महत्त्वाचें. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या झगड्यांत द्वैती व अद्वैती एकमेकांना चुकले म्हणत, पण एकमेकांची पोथी समोर उघडी ठेवल्यावांचून कोणाचें पाऊल पुढें पडत नव्हतें. आज हे दोन्ही पक्षांचे ग्रंथ एकत्र छापलेल्या आवृत्त्याहि मिळतात, आणि एकावांचून दुसरा वाचणें अवघडच आहे.

येथपर्यंत दर्शनांचें झालें. इतिहाससंशोधनांत हा नियम कितपत लागू पडतो, हें आपल्या घरच्याच एका मतभेदावरून दिसून येईल. शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांतला, म्हणजे इ. स. १६२७ चा, असें चिटणीस बखरीसारख्या उत्तरकालीन बखरींवरून फार दिवस मानीत. इ. स. १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तांत जेधे शकावली छापून आली, आणि तींत शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार अशी नोंद निघाली. पुढें तंजावरच्या सरस्वती महालांतील कवींद्र परमानंदाचें शिवभारत स. म. दिवेकर यांनीं प्रकाशांत आणलें. तें १९२७ सालीं छापलें गेलें, आणि त्यांतहि तीच तिथि मिळाली. ज्युलियन कालगणनेप्रमाणें ही तारीख १९ फेब्रुवारी १६३०. गणित करून पाहतां वार शुक्रवारच येतो. तिथीचा प्रश्न उत्सवाचा होता, अभिमानाचा होता, त्यामुळें त्यावर लेखण्या तापल्या. शासनानें १९ फेब्रुवारी ही तारीख मान्य केली ती २००१ सालीं. आणि आजहि कांहीं लोक तिथीनें व कांहीं तारखेनें उत्सव करितात.

या वादांत निर्णय झाला तो कोणाच्या आवाजानें झाला नाहीं. मूळ कागद सबंध छापून सर्वांच्या हातीं पडले म्हणून झाला. शकावली संशयास्पद मानणाऱ्यालाहि तीच शकावली, त्याच अक्षरांत वाचावयास मिळाली, आणि १५४९ देणाऱ्या बखरीहि कोणीं दडपल्या नाहींत. वार, नक्षत्र, संवत्सर यांचा मेळ घालून पाहण्याची वाट दोन्ही पक्षांना सारखीच मोकळी होती. दुसऱ्याचें प्रमाण हातीं असल्यावर मनुष्य त्या प्रमाणाशीं झुंजतो. तें हातीं नसलें म्हणजे तो माणसाशीं झुंजतो.

याच्या उलट घडलेली गोष्टहि पुण्यांतलीच. इ. स. २००४ च्या जानेवारीच्या ५ तारखेस भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. शिवचरित्रावरील एका परदेशी ग्रंथकाराच्या इंग्रजी पुस्तकांत ऐकीव कुचेष्टेवर आधारलेला मजकूर होता. तो इतिहास म्हणून टाकाऊच होता, आणि लोकांचें मन दुखावलें यांत नवल नाहीं. पण पुस्तक संस्थेचें नव्हतें. ग्रंथकारानें आभार मानले, एवढाच संस्थेचा संबंध. कपाटें फुटलीं, पुस्तकें व पोथ्या जमिनीवर आल्या. गौतमाच्या यादींतील निरनुयोज्यानुयोग याहून ठळक कसा दाखवावा? आणि ज्या संग्रहावर हात पडला तो कोणता? मुंबई सरकारनें ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्णपंत भांडारकर व पीटरसन यांच्या हस्तें एकोणिसाव्या शतकांत जमविलेल्या आणि डेक्कन कॉलेजांतून १९१८ सालीं संस्थेकडे आलेल्या पोथ्या तेथें आहेत. त्यांत वैदिक आहेत, जैन आहेत, शैव आहेत, वैष्णव आहेत. एकमेकांचें खंडन करणारे शेंकडो ग्रंथ एकाच छपराखालीं शेजारीं शेजारीं निजलेले होते.

जमावाला दोष देणें सोपें आहे, म्हणून आपल्या वर्गाविषयींहि दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. कागद फाडण्याचे प्रकार अनेक असतात. एका गृहस्थांच्या दप्तरांत वतनाच्या तंट्याचा चार बंदांचा महजर होता. त्यांनीं मला तीन बंद आनंदानें उतरून घेऊं दिले. चवथा मात्र ‘फार जीर्ण’ म्हणून रुमालांतच राहिला. तो त्यांच्या शाखेच्या विरुद्ध होता हें मला नंतर भाऊबंदांकडून कळलें. त्या बंदाला आजपर्यंत कोणीं काडी लावलेली नाहीं, पण इतिहासाच्या दृष्टीनें तो जळल्यासारखाच. छापतांनाहि आपण तेंच करितों. पत्राचा अनुकूल भाग द्यावयाचा, आणि प्रतिकूल भागाच्या जागीं टिंबांची ओळ ओढून ‘पुढें किरकोळ मजकूर’ असें लिहावयाचें. त्या टिंबांखालीं किती पूर्वपक्ष पुरले गेले असतील याची गणति नाहीं. ज्याचें मत आपल्याला खोडावयाचें आहे त्याच्या उपयोगाचा कागद आपल्या संग्रहांत असेल, तर तो आधीं छापून मग खोडावें. अर्धा कागद छापून केलेलें खंडन या त्रैमासिकाच्या पानांत येऊं नये, अशी माझी संपादकांना व संग्राहकांना विनंति आहे.

या बाबतींत गुजराथ व राजपुतान्यांतील जैन भांडारांचा कित्ता गिरविण्याजोगा आहे. १८७३-७४ च्या हिवाळ्यांत ब्यूलर जैसलमेरला गेला, तेव्हां पार्श्वनाथाच्या देवळांतील भांडारांत त्याला एक ग्रंथ दिसला. तो शांतरक्षित या बौद्ध आचार्याचा तत्त्वसंग्रह, कमलशीलाच्या पंजिकेसह, असें पुढें ठरलें. तो १९२६ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत निघाला. हा ग्रंथ आठव्या शतकांतील सर्व दर्शनांचें खंडन करतो, जैनांचेंहि. आणि गंमत अशी कीं, बौद्धांचा कट्टा वैरी कुमारिल याची बृहट्टीका स्वतंत्रपणें उपलब्ध नाहीं. तिचे श्लोक हातीं लागले ते याच बौद्ध ग्रंथांतून, कारण शांतरक्षितानें खंडन करण्यापूर्वीं ते उतरून घेतले होते. मीमांसकाचे श्लोक बौद्धानें राखले, आणि बौद्धाचा ग्रंथ जैनानें राखला. धर्मकीर्तीच्या न्यायबिंदूवरील धर्मोत्तराची टीका पीटरसनला खंबायतेच्या शांतिनाथ भांडारांत मिळाली, व १८८९ सालीं त्यानें ती छापली. न्यायप्रवेश या बौद्धांच्या तर्कग्रंथावर तर हरिभद्रसूरि या जैन आचार्यानेंच टीका लिहिली आहे, आणि ती त्या ग्रंथाचा अर्थ लावणारी आहे.

हें सर्व औदार्यानें झालें असें मी म्हणत नाहीं. वादाला उभें राहावयाचें तर प्रतिपक्षाची पोथी घरांत हवी, ही गरज त्याच्या मुळाशीं होती. आणि हा सांभाळ सर्वांच्या वाट्याला आला असेंहि नाहीं. चार्वाकांचें मत आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून ठाऊक आहे, आणि विरोधकांनीं अनुवाद करतांना थट्टेचा भाग अधिक उचलला, युक्तिवादाचा कमी. माधवाचार्याच्या सर्वदर्शनसंग्रहांत पहिलें प्रकरण चार्वाकांचेंच आहे, पण तें वाचून त्या मताचा एखादा खरा अनुयायी मान डोलावता कीं नाहीं, याची शंका येते.

त्या पक्षाच्या अंगानें जाणारा एकच मोठा ग्रंथ मुळांतून वांचला: जयराशि भट्टाचा तत्त्वोपप्लवसिंह. त्यांत प्रत्यक्ष, अनुमान, शब्द असें एकहि प्रमाण उभें राहूं दिलेलें नाहीं; नैयायिक, मीमांसक, सांख्य, बौद्ध सगळे झोडपले आहेत, आणि जैनांची आत्मकल्पनाहि सोडलेली नाहीं. त्याची ताडपत्री पोथी १९२६ सालीं पाटणच्या जैन भांडारांत निघाली. कित्येक शतकें ती तेथें फडक्यांत बांधून, वाळवीपासून जपून ठेवलेली होती. १९४० सालीं ती बडोद्यास छापली गेली. तिच्या दोन संपादकांपैकीं एक रसिकलाल परीख, व दुसरे पंडित सुखलालजी संघवी. सुखलालजी जन्मानें जैन. वयाच्या सोळाव्या वर्षीं देवीच्या आजारांत त्यांची दृष्टि गेली होती, आणि सगळे शास्त्रग्रंथ ते दुसऱ्यांकडून वाचून घेऊन ऐकत असत.